भट्टीच्या जागी कॅफे, आणि कामगार?

आमच्या तालुक्यातील बंद पडलेल्या कौलांच्या कारखान्याचे ‘सर्जनशील सांस्कृतिक केंद्र’ करण्याचा आराखडा आज सभेत पाहिला आणि संताप आवरता आला नाही. भट्टीच्या जागी कॅफे, कौले वाळवण्याच्या शेडमध्ये कलादालन, धुराड्यावर रोषणाई. ज्यांनी तिथे आयुष्यभर माती मळली, त्यांच्यासाठी मात्र एक ओळही नव्हती.

माझे काका परळच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात ते रत्नागिरीला परतले, ते कायमचेच. पुढे गिरणीच्या जागी मॉल झाला, तेव्हा त्यांना मी तिथे नेले होते. कपड्यांच्या एका झगमगीत दुकानासमोर थांबून ते म्हणाले, “माझे साचे इथे होते.” सुरक्षारक्षकाने त्यांना बाजूला व्हायला सांगितले.

मुंबईच्या १९९१ च्या विकास नियमाने गिरण्यांच्या जमिनीतील वाटा मोकळ्या जागेला आणि सार्वजनिक घरांना मिळणार होता. २००१ च्या दुरुस्तीने ती वाटणी गिरणीच्या आवारातील बांधकाम नसलेल्या रिकाम्या जमिनीपुरती उरवली. काकांना यातले कलम ठाऊक नव्हते, पण बाजूला कोणी व्हायचे हे त्यांना रक्षकाने सांगितलेच होते.

सगळे पाडून टॉवर उभारण्यापेक्षा कलादालन बरे, हे मान्य. कोचीत ॲस्पिनवॉल हाऊस या जुन्या व्यापारी वास्तूत २०१२ मध्ये बिनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी होणारे कलाप्रदर्शन भरले, हेही खरे.

परंतु संस्कृती बाहेरून आणावी लागते, हे कोणी ठरवले? साच्यावर आठ तास उभे राहून आलेले काका रात्री पायांत चाळ बांधून जाखडी हा कोकणी नाच नाचत, त्यातल्या शक्ती-तुऱ्याच्या सामन्यात शक्तीवाल्यांच्या गाण्यातल्या सवालाला तुऱ्याचा जबाब देत. त्या मंडळींचे हक्काचे, १९२२ पासूनचे परळचे दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा कोकणातल्या नमन या लोकनाट्याच्या मंडळांनी जावे कुठे, हा प्रश्न किती जणांना पडला?

आराखडा मांडणारी मुलगी इथलीच आहे आणि मनापासून बोलत होती; तिच्यावर माझा राग नाही. जुन्या शेडच्या छताला आधार देणारी लाकडी कैची न काढण्याचा तिचा आग्रह तर मला फार आवडला. म्हणूनच पुढच्या सभेत मी लेखी मागणार आहे: एक शेड नमन-जाखडीच्या तालमींना नाममात्र भाड्यात, तेही करारात नोंदवून, आणि नोकऱ्यांत जुन्या कामगारांच्या घरांना पहिला मान. ज्यांच्या घरचे कोणी त्या भट्टीवर राबले असेल, त्यांनी सहीला यावे.