भिंग कशाला लागतं: एका प्रतिक्रियेला उत्तर

'एक जाणकार', नमस्कार.

व्हॅटिकनमधल्या सिस्टाइन चॅपेलच्या छतावर मायकेलअँजेलोने काढलेली चित्रं असलेल्या इटालियन टपाल तिकिटांवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही चार मुद्दे मांडलेत. पहिला बरोबर आहे. १९६१ चा मायकेलअँजेलो संच १९ तिकिटांचा, आणि त्यातली कोरीव छपाईची (धातूच्या पट्टीवर रेघा कोरून छापलेली) फक्त दोन, ५०० आणि १००० लिरांची. बाकीची १७ फोटोग्राव्ह्यूरची, म्हणजे फोटोवरून बनवलेल्या सिलिंडरने छापलेली. मी सरसकट 'कोरीव' लिहिलं होतं, दुरुस्त केलंय, आभार. पण त्यासाठी "कुठून तरी उचललेलं दिसतंय" हे लिहायलाच हवं होतं का? उचललेलं असतं तर चुकलं नसतं. तिकिटांच्या कॅटलॉगात ते नीट छापलेलं आहे.

आता दुसरा मुद्दा, तुमचं ते वाक्य: "छपाई कुठली ते कॅटलॉग सांगतो, भिंगबिंग लावणं हा नुसता देखावा."

कॅटलॉग सांगतो ते तिकीट कसं असायला हवं. तुमच्या चिमट्यातलं कसं आहे, ते त्याला काय माहीत? १० पटीचं भिंग घ्या आणि चित्र सोडून आधी अक्षरं बघा. फोटोग्राव्ह्यूरमध्ये सिलिंडरवर बारीक खळग्यांची जाळी असते आणि अक्षरंही त्याच जाळीतून येतात, म्हणून त्यांच्या कडा करवतीसारख्या दातेरी दिसतात. ऑफसेटमध्ये अक्षराची कड स्वच्छ असते, ठिपके चित्रात सापडतात. कोरीव छपाईत ठिपक्यांची जाळी नाही, मुख्यतः रेघा. खांद्याची गोलाई हवी तर रेघा जवळ आणायच्या, सावली गडद हवी तर त्यांच्यावर आडव्या रेघा मारायच्या. संचातलं कुठलंही छोटं तिकीट आणि १००० लिरांचं शेजारी ठेवा. दोन्हीकडे चित्रकार तोच, छतही तेच. एकीकडे अंग धुरकट मऊ, दुसरीकडे छिन्नीने काढल्यासारखं. हे कॅटलॉगात बघून कळतं?

भिंग नको असेल तर स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चालेल. तिकीट काचेवर, चित्र वर. त्यावर फॉइल, आणि बोटाच्या पेराने हलकेच घासायचं. नख लावायचं नाही, कागदावर वळ उठतो. कोरीव तिकिटाची शाई कागदावर उभी राहिलेली असते, त्यामुळे रेघा फॉइलवर उमटतात. फोटोग्राव्ह्यूरचं असेल तर भोकांची किनार तेवढी दिसेल. भिजवून, जड पुस्तकाखाली दाबून वाळवलेल्या तिकिटाचा उठाव मात्र बसलेला असू शकतो. तिथे फॉइल फसवतं आणि पुन्हा भिंगाकडेच यावं लागतं.

या संचाला ताऱ्यांचं वॉटरमार्क आहे, म्हणजे कागद बनतानाच त्यात उमटवलेली फिकी खूण. ते बघायला बेंझिनचा (पेट्रोलसारखं चटकन उडून जाणारं द्रव) थेंब टाकायची सवय असते, पण फोटोग्राव्ह्यूरची शाई बेंझिनमध्ये सुटू शकते. म्हणजे १७ तिकिटांना बेंझिन धोक्याचं आणि दोघांना फारसं नाही. आधी काळ्या पाटीवर पालथं ठेवून कोरडंच बघावं. छपाई न ओळखता बेंझिन ओतणाऱ्याने 'देखावा' हा शब्द जपून वापरावा. तीस वर्षं चिमटा हातात आहे म्हणून बोलतोय, मिरवायला नाही.

नाशिकच्या छापखान्याचं मी "उगाच कौतुक" केलं, हा तिसरा मुद्दा. भारताने १९७५ मध्ये मायकेलअँजेलोच्या पाचशेव्या जन्मवर्षानिमित्त ५० पैशांची चार तिकिटं काढली, तीही फोटोग्राव्ह्यूरच. नाशिकला हे तंत्र १९५२ च्या संत-कवींच्या संचापासून आहे. इटलीच्या १७ तिकिटांवर छताचे रंग नाहीतच, प्रत्येक तिकीट एकरंगी. नाशिकने रंगीत छापली. एवढंच म्हटलं होतं. कौतुक वाटलं असेल तर वाटू दे.

चौथा मुद्दा: फ्लँडर्सचा चित्रकार मेमलिंग प्रबोधनकाळातला नाही म्हणता? फ्लँडर्स युरोपातच आहे हो. अमेरिकेने त्याची मॅडोना (बाल येशूसह मेरीचं चित्र) १९६६ च्या नाताळच्या ५ सेंटच्या तिकिटावर घेतली, आणि १९६७ मध्ये तेच चित्र मोठ्या आकारात पुन्हा छापलं. दोन्ही शेजारी लावून बघा. मग बोलू.

आणि पुढची प्रतिक्रिया लिहिण्याआधी तुमच्या १००० लिरांवर फॉइल घासा. काय उमटलं ते इथेच खाली लिहा.