"नुसतं छप्पर बदलायचंय, परमिट कशाला?" अर्धं वाचून फिरवलेला मेसेज

"घर आपलं, भिंती त्याच, नुसतं छप्पर बदलायला कुठेच परमिशन लागत नाही, बिनधास्त काम काढा" हा मेसेज परत फिरतोय, आणि त्यात अर्धं खरं आहे म्हणूनच लोक फसतात.

आधी खरं काय ते. चार कौलं फुटली, पत्र्याला भोक पडलं, तेवढंच बदललं तर सहसा कोणी विचारत नाही. मुंबईच्या १८८८च्या महापालिका कायद्यात, कलम ३४२ मध्ये, तर त्याच मटेरियलने छप्पर बदलणं परवानगी न लागणाऱ्या दुरुस्तीत धरलंय. पण त्याच कलमात पुढे असंही आहे की मटेरियल बदललं किंवा उतरतं छप्पर सपाट केलं की ही सूट नाही. मेसेजवाला बहुतेक तिथपर्यंत पोचलाच नाही!

आता "कुठेच" बद्दल. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत वापरतात त्या इंटरनॅशनल रेसिडेन्शियल कोड या घरबांधणीच्या नियमावलीत परमिट न लागणाऱ्या कामांची यादी आहे, रंगकाम, टाइल्स, कार्पेट, किचनची कपाटं वगैरे, त्यात छप्पर नाही. काही शहरं आपल्यापुरती सूट देतात, पण ती त्या शहरापुरतीच, शेजारच्या शहरात नियम वेगळा असू शकतो.

"भिंती त्याच मग काय फरक पडतो?" अहो, छप्पर भिंतींच्या आधी वाशांवर आणि कैच्यांवर (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्यांवर) बसतं ना. काँक्रीटची कौलं चौरस मीटरला साधारण ४०-५० किलो भरतात, पातळ स्टीलचा पत्रा पाचेक किलो, म्हणजे पत्रा काढून कौलं घातली तर लाकडावर आठ-दहा पट भार. उलटं केलं तर सेफ असं वाटतं, पण तेही नाही, कारण जड कौलं बरीचशी स्वतःच्या वजनाने बसून राहतात आणि हलका पत्रा वारा खालून उचलतो, तिथे बोल्ट किती नि कुठे हे कोणीतरी बघायला लागतं. तपासणी असते ती यासाठी.

"जुन्यावरच नवीन थर टाका, काढाकाढी नको" हाही सल्ला त्याच मेसेजमध्ये आहे. वर सांगितलेल्या अमेरिकेतल्या कोडमध्ये आधीच दोन थर असतील तर तिसरा चालत नाही, जुनं उतरवावंच लागतं. खालचं भिजलेलं असेल किंवा मातीची, सिमेंटची कौलं असतील तरीही तेच. ॲस्बेस्टॉसचे पत्रे असले तर ते उतरवायचे आणि टाकायचे नियम आणखी वेगळे.

"नंतर कोणाला कळतंय" म्हणे. घर विकताना समोरचा कागद मागतो तेव्हा कळतं, आणि झाकलेलं काम तपासायला परत उघडून दाखवा असं सांगू शकतात.

राहिलं "कॉन्ट्रॅक्टरकडे लायसन्स आहे, तो बघेल". लायसन्स त्याचं, परमिट तुमच्या घराचं, दोन वेगळे कागद. आणि नोटीस आली तर ती मालकालाही येते. काम सुरू व्हायच्या आधी परमिटचा कागद बघायला मागा, "अप्लाय केलंय" म्हणाला तर निघेपर्यंत एक कौल उतरवू देऊ नका.