गोठलं म्हणजे जंतू मेले असं नाही

फ्रोझन भाज्यांवरचा एक मजकूर फिरत फिरत घरच्या ग्रुपवरही आला. त्यातले दावे असे: फ्रोझन माल रसायनांवर टिकतो, त्यात पोषण शून्य असतं, बर्फात जंतू मरत असल्यामुळे तो न शिजवताही चालतो, फक्त रात्रभर बाहेर ठेवून वितळवायचा, आणि वितळलेलं पुन्हा गोठवलं की विष होतं. वडीलधारी माणसं तो वाचून मक्याचं पाकीट झोपताना ओट्यावर काढून ठेवायला लागली आहेत. म्हणून आधी तिसऱ्या दाव्याचंच बघू.

उणे १८ अंशांवर जंतूंची वाढ थांबते. ते मरत नाहीत, पडून राहतात आणि वितळलं की पुन्हा वाढू लागतात. ५ ते ६० अंश हा त्यांच्या सोयीचा पट्टा. ओट्यावर ठेवलेल्या पाकिटाच्या कडा मधला गोळा सुटायच्या कितीतरी आधी त्या पट्ट्यात जातात आणि सकाळपर्यंत तिथेच राहतात. लिस्टेरिया नावाचा जंतू तर फ्रीजच्या ४ अंशांतही वाढतो.

२०१८ साली युरोपच्या अन्नसुरक्षा आणि रोगनियंत्रण यंत्रणांनी एक साथ शोधून काढली. २०१५पासून पाच देशांत ४७ जण लिस्टेरियाने आजारी पडले होते, त्यांतले ९ दगावले. माग पोहोचला हंगेरीतल्या एका कारखान्यातल्या फ्रोझन मक्यापर्यंत आणि तिथल्याच इतर भाज्यांपर्यंत. साफसफाई, निर्जंतुकीकरण होऊनही तोच जंतू तिथे टिकून होता. गोठवण्याआधी भाजी गरम पाण्यातून काढतात हे खरं, पण त्यानंतर ती थंड करताना, गोठवताना किंवा भरताना पुन्हा दूषित होऊ शकते. लक्षणं दिसायला कधीकधी ७० दिवस लागतात, त्यामुळे दोष मक्याकडे जातच नाही. गर्भवतींना यात गर्भपाताचा धोका असतो, आणि हा मजकूर मका सॅलडमध्ये तसाच घाला म्हणतो!

पाकिटावर ‘शिजवून खा’ लिहिलं असेल तर शिजवायचंच: आतपर्यंत ७० अंश, किमान २ मिनिटं. मटार-मका वितळवायची गरजच नसते, थेट उकळत्या पाण्यात टाका. मोठा तुकडा फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खाली ताटली ठेवून वितळवा.

रसायनांचं म्हणाल तर साध्या मटाराच्या पाकिटावरची घटकांची यादी वाचा. बहुतेक वेळा एकच शब्द सापडेल. टिकवण्याचं काम थंडी करते. मटार दीड-दोन मिनिटं उकळत्या पाण्यातून काढून लगेच गार करतात, कारण त्यातली एन्झाइम (भाजीत बदल घडवणारी प्रथिनं) थांबवली नाहीत तर फ्रीझरमध्येही रंग-चव बिघडते.

पोषणाबद्दल थोडं मान्य करावं लागेल. त्या गरम पाण्यात क जीवनसत्त्वाचा काही भाग जातो. तंतू, प्रथिनं, खनिजं बरीचशी राहतात, आणि ताज्या भाजीतलं क जीवनसत्त्वही पडून पडून घटतंच. तक्रार करायचीच तर तयार जेवणाच्या डब्यांतल्या मिठाची करा. सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणा: ८०० मिलिग्रॅम म्हणजे २ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत आहे.

पुन्हा गोठवण्याने विष तयार होत नाही. फ्रीजमध्येच वितळलेलं, थंडगार असलेलं परत फ्रीझरमध्ये ठेवता येतं, फक्त पाणी सुटून ते मऊ पडतं. दोन तासांहून जास्त बाहेर राहिलेलं मात्र फेकायचं. विकत घेताना पाकीट हलवून बघा: दाणे सुटे न वाजता एकच ढेकूळ लागलं, तर ते वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेलं असू शकतं. ते घेऊ नका.