पगार एकाचा, काम दुसऱ्याचं, रेफरन्स कोणाचा?

हिंजवडीत माणसाचं गोत्र गळ्यातल्या पट्ट्यावरून कळतं. आमच्या क्लायंटकडे परमनंटवाल्यांचा पट्टा निळा आणि आम्हा कॉन्ट्रॅक्टवाल्यांचा पिवळा. सव्वातीन वर्षं पिवळ्यात काढली. काम हिंजवडीत, पगार बेंगळुरूच्या पेरोल कंपनीकडून आणि मध्ये एक व्हेंडर, तो नक्की काय करायचा ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण त्याचा कट मात्र कधी चुकला नाही.

आता नवीन ऑफर आली, घरी पेढे वाटून झाले आणि मग आला बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनचा फॉर्म. दोन रेफरन्स द्या, दोन्ही रिपोर्टिंग मॅनेजर हवेत, ईमेल ऑफिशियलच, जीमेल चालणार नाही.

पेरोलच्या एचआरला फोन लावला. ती म्हणाली, "सर, तुम्ही होतात एवढं सांगू शकते, कसे होतात ते नाही." खरंय, तिने मला पाहिलंय कुठे? मग क्लायंटकडे गेलो. ज्यांचं सर्व्हर पडलं की रात्री दोनला उठून बसायचो ते म्हणे, पॉलिसी आहे, तुम्ही आमचे एम्प्लॉयी नव्हतात. म्हणजे माहेरच्यांनी तोंड बघितलेलं नाही आणि सासरचे म्हणतायत ही आमची सूनच नव्हे.

त्यात पीएफ. यूएएनचे 12 आकडे टाकून सर्व्हिस हिस्ट्री उघडली तर एक्झिट डेटचा रकाना कोरा! ती आपली आपण टाकता येते, पण शेवटचं कॉन्ट्रिब्युशन होऊन दोन महिने उलटल्यावर. तोवर सरकारदरबारी मी अजून जुन्याच नोकरीत, आणि नवीन एचआर गोड आवाजात विचारतेय, "सर, मूनलायटिंग वगैरे नाही ना?" अहो, एक नोकरी सिद्ध करताना जीव चाललाय, दोन कुठून करू?

शेवटी आमचे जुने मॅनेजर आठवले, आता ते दुसऱ्या कंपनीत. "अरे देतो की, त्यात काय!" देवमाणूस. त्यांचा ईमेल टाकला तर फॉर्म लाल झाला, कंपनीचं नाव जुळत नाही. दोन दिवस मेलामेली झाल्यावर व्हेरिफिकेशनवाले फोनवर विचारायला तयार झाले. मीही सरांना बजावून ठेवलं, अनोळखी नंबर आला तरी उचला हं.

चार दिवसांनी रिपोर्ट आला: 'रेफरन्सने माहिती देण्यास नकार दिला.'

मी हादरलोच. सरांना फोन लावणार तेवढ्यात त्यांचाच आला.

"काय रे, कर्जबिर्ज काढलंयस का?"

"नाही सर, का?"

"अरे एक बाई तीनदा फोन करून तुझं नाव घेत होती, ट्रूकॉलरवर लाल दाखवत होतं. दोनदा कापला, तिसऱ्यांदा स्वच्छ सांगितलं, मी या माणसाला ओळखत नाही. पण जामीन म्हणून माझा नंबर देण्याआधी निदान विचारायचंस तरी!"