टक्कर वायूच्या ढगांची होते, ताऱ्यांची नाही

दीर्घिकांच्या (म्हणजे गॅलेक्सींच्या) टकरीवरचा तुमचा लेख आवडला, पण "दोन दीर्घिका धडकल्या की तारे एकमेकांवर आपटून फुटतात" हे वाक्य प्लीज बदला, शाळेतली पोरं पण वाचतात हे. ताऱ्यांमधली अंतरं इतकी प्रचंड असतात की दीर्घिका एकमेकींतून आरपार गेल्या तरी ताऱ्यावर तारा आदळायचा चान्स जवळपास नाहीच. आदळतात ते वायूचे ढग, ते दाबले जातात आणि तिथेच नवीन ताऱ्यांचे गुच्छच्या गुच्छ जन्माला येतात. एकमेकींना धडकणारी अँटेना दीर्घिकांची जोडी बघा (कॅटलॉगमधली नावं एनजीसी ४०३८ आणि ४०३९), हबल अंतराळ दुर्बिणीने १९९७ मध्ये तिथे हजाराहून जास्त तरुण तारकागुच्छ दाखवले, निळे झगझगीत ठिपके आणि मधेमधे धुळीचे तपकिरी पट्टे. पण त्यातले बहुतेक टिकत नाहीत, मोठे तारे आजूबाजूचा वायू उडवून लावतात, गुरुत्वाची पकड सुटते आणि कोटभर वर्षांत गुच्छ विस्कटतो. जे खूप जड आणि घट्ट असतात तेवढेच उरतात, पुढे आपल्या दीर्घिकेतल्या एम १३ सारखे गोलाकार तारकागुच्छ त्यांच्यातूनच होऊ शकतात, मला तर हा भाग सगळ्यात भारी वाटतो.

ही जोडी आपल्या हस्त नक्षत्राच्या बाजूलाच आहे. ठाण्यात घोडबंदरच्या लाईट्समधून दीर्घिका दिसणार नाहीत, पण एप्रिल-मे मध्ये रात्री गच्चीवरून हस्ताचे तारे ओळखता येतात, पोरांना दिशा तरी दाखवा. माझ्या भाचीने लगेच विचारलं, मग हे गुच्छ आत्ता तसेच आहेत का? तर नाही ना, तो प्रकाश काही कोटी वर्षांपूर्वी निघालाय, म्हणजे फोटोतले बरेचसे एव्हाना विखुरलेले असणार. हे पण लेखात टाका.