आधी विहिरी मोजा, मग गॅस काढा

आपल्या सांगली-साताऱ्याच्या काळ्या पाषाणात कोळसा नाही. त्यामुळे कोळशाच्या थरातला मिथेन काढायला इथं कुणी येणार नाही. तरी लिहितोय, कारण हा प्रश्न मुळात पाण्याचा आहे.

हा गॅस कोळशाला चिकटलेला असतो आणि पाण्याच्या दाबामुळे तिथंच राहतो. दाब उतरवायचा तर पाणी उपसायचं. सुरुवातीला महिनोन् महिने मुख्यतः पाणीच बाहेर येतं. कोळसा आणि विहिरींचं पाणी यांच्यामध्ये सलग पक्का खडक असला तर ठीक. भेग असली किंवा केसिंग (बोअरच्या आतला पाइप) नीट बसलं नसलं, तर वरचं पाणीही खाली ओढलं जातं. शेजारी खोल बोअर पडल्यावर विहीर कशी आटते, हे जत-आटपाडीत कुणाला सांगायला नको.

आणि उपसलेलं पाणी टाकायचं कुठं? बहुतेकदा ते खारट असतं, सोडियम जास्त. मिरज, वाळवा, पलूसकडच्या चोपण जमिनी बघा. पाऊस पडला की चिखलाची रबडी, वाळली की वर कडक पापडी, पाणी आत मुरतच नाही. आपल्याकडं हे अति पाण्यानं आणि निचरा नसल्यानं झालं, पण सोडियम मातीचं जे करतो ते सगळीकडं तेच.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये कोंडामाइन नदीतून मिथेनचे बुडबुडे येतात. २०१६ मध्ये एका आमदारानं तिथं लायटर लावला आणि पाण्यावर जाळ उठला. हे नैसर्गिक की गॅसच्या विहिरींमुळे, यावर तिथं मोठा वाद झाला. काम सुरू होण्याआधी नदीतून किती गॅस येत होता, याची पुरेशी मोजणीच नव्हती! तिथल्या कायद्यात आता कंपनीनं आसपासच्या बोअरची आधी तपासणी करायची असते, आणि तिच्या उपशानं बोअर कमी पडली तर ती खोल करून, नवी पाडून किंवा पैशानं भरपाई द्यायची असते. मला हे शंभर टक्के पटतं. सिद्ध करायचं ओझं शेतकऱ्याच्या डोक्यावर का?

आपल्या देशात पश्चिम बंगालच्या राणीगंज कोळसापट्ट्यात २००७ पासून हा गॅस विक्रीला निघतोय. झरिया, बोकारो, सोहागपूरही त्याच वाटेवर. तिथं पहिल्या बोअरच्या आधी प्रत्येक विहिरीची नोंद सक्तीची हवी, आणि ती गावाच्या हातात हवी.

चंद्रपूर, वणीकडं कोळशाच्या पट्ट्यात तुमचे पाहुणे असतील तर त्यांना आजच सांगा: मोटर रात्रभर बंद ठेवा, सकाळी टेप सोडून पातळी मोजा. पावसाळ्याआधी एकदा, नंतर एकदा. पाण्यातले क्षार आणि सोडियम तपासून घ्या, तारीख घाला, आणि एक प्रत जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण कार्यालयात देऊन पोच घ्या.