मसाला फळं कुकरात: पाण्याशिवाय नाही, आणि सीताफळ तर नाहीच

"पेरू, सफरचंद, सीताफळ, गूळ, दालचिनी कुकरात टाका, पाण्याचा थेंबही नको, तीन शिट्ट्या करा" असा मेसेज सध्या आपल्या बीड-अंबाजोगाईकडं फिरतोय. कृपया तसं करू नका.

कुकर चालतो वाफेवर. 15 पौंडांच्या दाबाला आतलं पाणी जवळपास 121 अंशांना उकळतं. पण वाफ व्हायला आधी पाणी हवं. फळाला रस सुटेपर्यंत तळाचा गूळ करपतो, सेफ्टी व्हॉल्व्हही वितळू शकतो. शेजारच्या काकूंचा कुकर परवा असाच गेला. दोन दिवस घासला, तळ काळा तो काळाच.

तळाला दोन वाट्या पाणी घाला. वर डब्यात पेरू-सफरचंदाच्या जाड फोडी, दोन चमचे गूळ, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा. डबा काठोकाठ भरू नका. एक शिट्टी झाली की गॅस बंद, आणि वाफ आपोआप जिरू द्या. तीन शिट्ट्यांत पेरूचा नुसता लगदा होतो.

राहिलं सीताफळ. बालाघाटच्या डोंगरातला हा गोड गर तापवला की कडवट होतो. बासुंदीतसुद्धा तो दूध थंड झाल्यावरच घालतात.